तुम्ही विचारलंत म्हणून: मावशींना इंजेक्शन का देऊ देत नाही?

वॉर्डात नातेवाईक विचारतात, लग्नकार्यात पाहुणे विचारतात, परवा नाशिकच्या सिटीलिंक बसमध्ये माझा नर्सचा युनिफॉर्म बघून शेजारच्या काकूंनीपण विचारलं, की मावशी, म्हणजे वॉर्डात मदतीला असणाऱ्या आया, इतकी वर्षं दवाखान्यात आहेत, बघून बघून सगळं शिकल्यात, मग साधं इंजेक्शन त्यांना का देऊ देत नाही, आणि तुम्ही एवढ्या शिकलेल्या तर बेडपॅन मावशींनाच का द्यायला लावता. दोन्हीचं उत्तर एकच आहे म्हणून नीट लिहिते.

सुई टोचायला कुणीपण शिकेल. पण इन्सुलिनचंच घ्या, आपल्याकडे एका मिलीत ४० युनिटवाली वायल, म्हणजे औषधाची छोटी बाटली, मिळते आणि १०० वालीपण, लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी, आणि घाईत १०० च्या वायलमधलं औषध लाल सिरिंजने मोजलं तर डोस सरळ अडीचपट जातो. त्यात शुगर किती, पेशंट जेवणार आहे का, उलट्या होतायत का, हे बघून आज द्यायचं की आधी डॉक्टरांना फोन करायचा ते ठरवावं लागतं. हे ठरवणं दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

मला हे पूर्ण कळलं ते चुकल्यावर. द्राक्षांची काढणी चालू होती, दिंडोरीकडचे एक शेतकरी काका ॲडमिट होते, मुलगा दिवसभर बागेत आणि संध्याकाळी डबा ठेवून परत पळायचा. त्या दिवशी ३२ पेशंट, आम्ही दोघी, त्यात नवीन ॲडमिशन आलेली. मी जाता जाता मावशींना म्हटलं, काकांच्या जेवणाचं बघा हो. त्या म्हणाल्या, डबा आलाय सिस्टर. मी इन्सुलिन दिलं, रेग्युलर, ते लवकर शुगर उतरवतं, म्हणजे अर्ध्या तासात पोटात काहीतरी जायलाच हवं, आणि ॲडमिशनकडे गेले. तासाभराने मावशी चादर बदलायला गेल्या आणि पळतच आल्या, सिस्टर चला, काका घामाने भिजलेत, अंग गार पडलंय, मला पोरीच्या नावाने हाक मारतायत. शुगर ४८, म्हणजे धोकादायक कमी. डबा स्टुलावर तसाच, भाकरीचं फडकंसुद्धा सोडलेलं नव्हतं. डॉक्टर आले, शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोज, दिलं, थोड्या वेळाने काका माणसात आले.

इन्चार्ज सिस्टर मावशींना बोलायला लागल्या तेव्हा मी मधेच म्हणाले की चूक माझी आहे. मी काम सांगितलं पण नेमकं काय बघायचं, किती वेळात, आणि नाही जेवले तर लगेच मला सांगायचं, यातलं काहीच सांगितलं नाही आणि परत फिरून बघितलंही नाही. काम कुठलं, पेशंट कसा, सोपवतोय कुणाला, सूचना स्पष्ट आहे का, नंतर देखरेख कोण करणार, ही पाच गोष्टींची यादी मी परीक्षेत पाठ लिहिली होती. मुलाला सांगायची काही गरज नाही असंही कुणीतरी सुचवलं, पण त्याच्या वडिलांना काय झालं ते त्याला कळलंच पाहिजे, म्हणून रात्रीच सांगितलं. तो रागावला, आणि त्याचं बरोबर होतं.

आता बेडपॅनचं. ते मावशींना देते ते हलकं काम म्हणून नाही. तिथेही काय सोपवायचं ते मीच ठरवते: पेशंट स्थिर असेल तर देते, ताजं खुब्याचं ऑपरेशन असेल तर कुशीवर वळवताना मी स्वतः धरायला असते, आणि पडदा ओढायच्या आधी कुणीही पांघरूण काढायचं नाही, मग ती मी असो की मावशी. कमरेखाली कातडी लाल व्हायला लागली, म्हणजे पडून पडून जखम होण्याची पहिली खूण, हे कितीदा त्यांनीच मला पहिल्यांदा दाखवलंय, अंग पुसताना त्यांचंच लक्ष जातं.

त्या मावशी अजून माझ्याच शिफ्टला असतात. इन्सुलिन द्यायच्या आधी मी डबा उघडून समोर ठेवलेला स्वतः बघते, आणि त्या अर्ध्या तासाने येऊन नुसतं "जेवले" म्हणत नाहीत, "दीड भाकरी खाल्ली, भात ठेवला" असं सांगतात.