तुम्ही विचारलंत म्हणून: बाहेरचं ग्लायडर का नाही नेलं?

"अहो, एवढा खर्च केलात, व्हिसा काढलात, लेकीला घेऊन गेलात. मग ग्लायडर तेवढं ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं का?"

हातानं फेकायच्या ग्लायडरच्या स्पर्धेला, म्हणजे एफथ्रीकेला, युरोपात जाऊन आलो तेव्हापासून शहापूरच्या माळावर हे विचारतात, गणपतीत आरती झाल्यावर विचारतात, आणि ज्यांना एफथ्रीके म्हणजे काय हे नीट ठाऊक आहे ते सगळ्यांत जास्त विचारतात. विचारतानाच त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. काहींच्या मते मी देशाभिमानापोटी नेलं, काहींच्या मते पैसे वाचवले. आजवर मी दोघांनाही मान डोलावून वाटेला लावलं. आता एकदाच सगळं लिहितो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पंखांचा पसारा दीड मीटरपर्यंत, वजन जास्तीत जास्त ६०० ग्रॅम, पण प्रत्यक्षात अडीचशेच्या आसपास. मोटर नाही. पंखाच्या टोकाला बसवलेली खुंटी दोन बोटांत धरून थाळीफेकीची गिरकी घ्यायची आणि सोडायचं. मग रिमोटवर, वर चढणाऱ्या गरम हवेत तरंगत ठेवून, ठरवून दिलेल्या वेळा भरायच्या.

पैशाचं आधी संपवतो. माझ्याकडे युरोपात बनलेलं एक ग्लायडर आहे. हा छंद सोडणाऱ्या एका गृहस्थांकडून घेतलेलं, उत्तम स्थितीतलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ड्रोनच्या आयातीवर बंदी आली आणि तेव्हापासून पंख आणि शेपूट असलेली कुठलीही वस्तू मागवायची म्हणजे पार्सल अडकण्याची तयारी ठेवावी लागते, हे खरं आहे. पण माझं त्याआधीच आलेलं होतं. म्हणजे ते घेऊन जाणं मला सहज शक्य होतं. शिवाय वागळे इस्टेटमधल्या ज्या काकांबरोबर माझं ग्लायडर घडवलं त्यांच्याकडचे साचे, फसलेले पंख, परत कापलेले साचे हा खर्च मांडला तर वाचलं काहीच नाही.

देशाभिमानाचंही सांगतो, कारण त्यावरून टाळ्या मिळाल्या की मला अवघडल्यासारखं होतं. कार्बनचं कापड बाहेरचं. पंखाच्या आणि शेपटाच्या कडा हलवणारे सर्व्हो चिनी. रिसीव्हर बाहेरचा. पंखाचा आडवा छेद, म्हणजे एअरफॉइल, एमआयटीच्या मार्क ड्रेला यांच्या एजी मालिकेतून सुरू झालेला. त्यांनी ती मालिका कुणीही वापरावी म्हणून खुली ठेवली आणि १९८६ मध्ये लिहिलेला त्यांचा एक्सफॉइल हा प्रोग्रॅमही जगभरचे लोक फुकट वापरतात. ठाण्यातलं काय, तर साचे, हात, आणि प्रत्येक ठिकाणी 'असंच का' याचं उत्तर.

मला हवं होतं ते हे उत्तर.

काकांचा खरा धंदा प्लास्टिकच्या झाकणांच्या डाय बनवण्याचा. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यात पंखाचा साचा मशीनवर कापायचा आणि मग तो आरशासारखा होईपर्यंत हातानं घासायचा, हे काम ते धंद्याची वेळ संपल्यावर करतात. साच्यात कापड आणि रेझिन घालून पंख भरायचे ते दसऱ्यापासून होळीपर्यंतच. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत रेझिनमध्ये मिसळलेला हार्डनर ओलावा धरतो, पृष्ठभागावर मेणचट थर येतो आणि त्यावर पुढचं काही नीट चिकटत नाही. हे आम्ही पंख वाया घालवून शिकलो. आता माझ्या ग्लायडरच्या पंखात कुठे कापडाचे दोन थर आहेत, कुठे तीन, स्पार, म्हणजे पंखाचा आतला कणा, कुठे संपतो, हे मला डोळे मिटून सांगता येतं. युरोपच्या ग्लायडरमध्ये काय आहे ते मला माहीत नाही. त्याच्या पंखाला गाडीच्या दाराचा एकदा हलका धक्का लागला. वरून काही दिसेना. आत काही तुटलंय का, हे सांगू शकणारा माणूस माझ्यापासून हजारो किलोमीटरवर. त्यानंतर ते मी पूर्ण ताकदीनं फेकलंच नाही. चांगलं यंत्र हातात असून निम्म्या जोरानं फेकणं हा छळ आहे. ज्यांनी तो अनुभवलाय त्यांनी मला हा प्रश्न कधी विचारला नाही.

दुसरं कारण हवेचं. आम्ही नवी मुंबईत उलव्याच्या मोकळ्या प्लॉटवर उडवायचो. विमानतळाचं काम सुरू झालं आणि ती जागा गेली. पण ग्लायडर घडलं ते त्या हवेत. सकाळी नऊच्या सुमारास घारी गोल फिरायला लागल्या की समजायचं थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचे झोत, सुटले. ते अरुंद आणि अशक्त. अकराच्या आसपास समुद्राकडून खाडीवरून वारा आत शिरतो आणि सगळं मोडून टाकतो. त्या दीड-दोन तासांत घारीच्याही आतून, अगदी छोट्या वर्तुळात, हळू आणि न ढासळता फिरणारा पंख आम्हाला हवा होता. त्यासाठी पंखाची टोकं किती उचलायची, मागची कड किती वाकवायची, हे काकांनी आणि मी वाद घालत घालत ठरवलं.

तिसरं कारण सांगितलं की लोक म्हणतात, तू फार मोठ्या गोष्टी जोडतोस. तरी जोडतो. जर्मनांची ग्लायडर आज जगात पहिली, कारण १९२० मध्ये वासरकुप्पेच्या डोंगरावर पोरं आपली बेढब लाकडी यंत्रं घेऊन स्पर्धेला जमली आणि पुढे दरवर्षी जमत राहिली. फायबरग्लासचं पहिलं ग्लायडर, फीनिक्स, १९५७ मध्ये उडालं, ते स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांच्या कामातून आलं. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक खात्यानं १९५८ मध्ये अश्विनी आणि १९६१ मध्ये रोहिणी उडवली होती. लहानपणी हडपसरला विंचच्या दोरानं ग्लायडर वर चढताना मी कुंपणाबाहेरून पाहिली आहेत. तेव्हापासून माझं मत एकच. यंत्र घरच्या मैदानावर लाख उडवा. आपल्यापेक्षा सरस यंत्रांच्या रांगेत ते उभं केल्याशिवाय त्यात काय कमी आहे ते कळत नाही.

आता त्या दिवसाबद्दल, कारण प्रश्नाच्या मागे खरा रोख तिथेच असतो.

मध्य युरोपातलं कापणी झालेलं गव्हाचं शेत. कोरडी हवा, सकाळी अजिबात वारा नाही. पहिलीच फेरी 'ऑल अप'ची. हॉर्न वाजला की ३ सेकंदांत सगळ्यांनी एकदमच फेकायचं आणि जास्तीत जास्त १८० सेकंद टिकायचं. इतर फेऱ्यांत जो तो आपापल्या वेळी फेकतो. ऑल अपमध्ये सगळी ग्लायडर एकाच क्षणी माथ्यावर पोचतात आणि कुणाचं किती चढलं ते आकाशात शेजारी शेजारी दिसतं. त्यांची साठ-पासष्ट मीटरवर सपाट झाली. माझं पन्नास-पंचावन्नवर. शांत हवेत दहा मीटर म्हणजे पंचवीस-तीस सेकंद. कौशल्यानं ते भरून काढता येत नाहीत, कारण शोधायला थर्मलच नसतात. लेक बाजूला स्टॉपवॉच घेऊन उभी होती. नववीत आहे, माझी वेळ तीच मोजते. ती एक शब्द बोलली नाही, फक्त सेकंद मोजत राहिली.

दुपारी वारा सुटला आणि सगळ्यांसारखा मीही जोर वाढवला. सोडल्याबरोबर शेपटाकडून टक् असा आवाज आला. ग्लायडर वर गेलं, खाली आलं, मी ते हातात झेललं आणि पाहिलं तर बूमला, म्हणजे पंखापासून शेपटापर्यंतच्या नळीला, उभ्या शेपटाच्या थोडं पुढे केसासारखी चीर. त्याच साच्यातलं दुसरं सोबत होतं, पण त्याची बूमही तीच. जी जागा एकात गेली ती दुसऱ्यातही जाणार.

शेजारच्या तंबूतले एक वयस्क खेळाडू आले. सकाळपासून ते माझं ग्लायडर कुतूहलानं पाहत होते, प्रश्न विचारत होते, त्यात कुठेही हेटाळणी नव्हती. म्हणाले, माझं तिसरं तयार आहे, ते उडव, आयोजकांशी मी बोलतो. त्यांनी ते माझ्या हातात दिलं. बोटानं शेपूट वाकवून सोडलं तर थरथर जवळजवळ नाहीच. ते काय उंची देणार हे मला त्याच क्षणी कळलं.

लेक म्हणाली, "बाबा, घे ना."

मी ते धरून फेकायच्या पवित्र्यात उभासुद्धा राहिलो. मग परत दिलं.

त्यांना मी सांगितलं की सरावाशिवाय दुसऱ्याचं सेटिंग जमणार नाही. ते अर्धंच खरं होतं. बूमवरून काकांचं आणि माझं महिनोन् महिने चालू होतं. काका म्हणायचे, पंचेचाळीस अंशात तिरकं कापड आणखी एक थर टाकू, पीळ कमी होईल. मी म्हणायचो, शेपटाकडे एक ग्रॅम वाढला की तोल साधायला नाकात दोन-तीन ग्रॅम शिसं घालावं लागतं. शेवटी तो थर उभ्या शेपटाच्या थोडं अलीकडेपर्यंतच टाकायचा, असं दोघांनी मिळून ठरवलं. आणि चीर आली होती ती नेमकी तिथे, जिथे तो थर एकदम संपत होता. कडक भाग आणि लवचिक भाग यांच्या सांध्यावर. असं होईल हे आमच्या दोघांच्याही वादात कधी आलं नव्हतं. मला ते पुढे पाहायचं होतं. दुरुस्त केल्यावर तिथेच परत जातं की पुढे सरकतं, पीळ किती वाढतो, उंची किती पडते. त्यांचं ग्लायडर उचललं असतं तर यादीत चार-पाच जागा वर गेलो असतो आणि यातलं काहीच हाती लागलं नसतं.

पुढच्या गटाआधी हातात थोडाच वेळ होता. चिरेवर कार्बनचे धागे गुंडाळले, वर सायनो, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, सोडला, नाकात शिसं वाढवलं, आणि उरलेली स्पर्धा त्याच्यावर काढली. 'बिग लॅडर'मध्ये ६०, ९०, १२०, १५० आणि १८० सेकंदांची पाच उड्डाणं ओळीनं करायची. बेरीज ६०० आणि मिळतात ६०० सेकंदच, त्यामुळे झेलून परत फेकण्यात गेलेला प्रत्येक सेकंद गुणांतून जातो. त्या फेरीत शेताच्या कडेला एक अरुंद थर्मल मिळाला. बाकीचे त्यातून बाहेर फेकले जात होते आणि उलव्याच्या हवेत घडलेला तो पंख आत फिरत राहिला. ती फेरी फार चांगली गेली. बाकीच्या गेल्या नाहीत. वाऱ्यात वजन वाढवायला ग्लायडरच्या पोटात जागा कमी पडली, पुढे जाताना ते मागे रेटलं जात होतं. यादीच्या खालच्या अर्ध्यात नाव आलं.

परतीच्या विमानात लेकीनं विचारलं, "तू काकांसाठी उडवत होतास की स्पर्धेसाठी? कारण मी स्पर्धेसाठी सेकंद मोजत होते."

मला याचं उत्तर देता आलं नाही. तुम्ही सगळ्यांनी मिळून विचारलेल्या प्रश्नापेक्षा हा एक प्रश्न मला जड गेला. ती सकाळपासून उन्हात उभी होती. तिच्या कष्टाचा वाटा मी माझ्या कुतूहलावर परस्पर खर्च केला, असं तिचं म्हणणं. माझं म्हणणं, तिला आधीपासून माहीत होतं आपण कोणतं ग्लायडर नेतोय. यावर आम्ही अजून भांडतो.

काही वर्षांपूर्वी ठाण्यातल्या एका कॉलेजात मी मुलांना छातीठोकपणे सांगितलं होतं, यंत्र जिंकत नाही, माणूस जिंकतो. तो मी आज समोर आला तर त्याला ऑल अपच्या रांगेत उभा करीन आणि वर बघायला लावीन. पण तोही मला काही विचारील. म्हणेल, उंची कमी होती हे तुला आधी माहीत नव्हतं? माहीत होतं. इथे उंची मोजणाऱ्या अल्टिमीटरवर आकडे दिसत होतेच. मग जाऊन नवीन काय कळलं? बूमची चीर कळली, वाऱ्यातलं वजन कळलं. तेवढ्यासाठी परदेशात जायला हवं होतं का, या मुद्द्यावर मी त्याच्याशी वाद घालतो. कधी मी वरचढ ठरतो, कधी तो.

काका त्या संध्याकाळी फोनवर एवढंच म्हणाले, "चिरेचा फोटो टाक रे, तीन बाजूंनी." निकाल विचारला नाही. आता नव्या बूममध्ये तिरका थर एकदम न संपवता पायऱ्यापायऱ्यांनी संपवलाय, आणि पोटात वजनाची नळी लांब केलीय. शहापूरला उंची वाढलेली दिसतेय. युरोपच्या ग्लायडरपेक्षा अजून कमीच.

पुढच्या वेळी कोणतं नेणार, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. लेकीची अट आहे की दोन्ही न्यायची, तरच ती वेळ मोजायला येणार. काकांना हे अजून सांगितलेलं नाही. दोन्ही मावतील अशी पेटी विमान कंपनीच्या मापात बसत नाही. सध्या त्या पेटीचं बघतोय.