ॲलर्जी? नाही.

केसपेपरवर 'ॲलर्जी' या शब्दापुढे 'नाही' असं मीच लिहिलं होतं, तेही तीनदा विचारून. तो कागद डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून हे लिहितोय.

पेशंट निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, वय 46. नाकातले पॉलिप, म्हणजे अस्तराला आलेले मऊ फुगवटे, आणि दमा, दोन्ही गेल्या बारा वर्षांतले. दोन ठिकाणी दोन ऑपरेशनं झालेली, आणि दोन्ही वेळा वर्ष-दीड वर्षात नाक पुन्हा गच्च. वास पूर्ण गेलेला. फवारणीच्या औषधाचं झाकण उघडं राहिलं तरी यांना पत्ता लागत नाही, असं त्यांच्या मंडळी सांगत होत्या. ऑक्टोबरची छाटणी सुरू व्हायच्या आत काय ते उरकायचं होतं.

"ऑपरेशन करून काय उपयोग, ते परत येतंच," हे वाक्य मला नाशकात दर आठवड्याला ऐकू येतं, कधी कधी इतर डॉक्टरांच्या तोंडूनही. दम्याच्या पेशंटमध्ये ते अर्धं खरं आहे. आजार त्या अस्तरातच असतो, आम्ही अस्तर बदलत नाही. आम्ही सायनसची दारं मोठी करतो, म्हणजे मिठाच्या पाण्यातून दिलेलं स्टिरॉइड आतपर्यंत पोचतं. नाक बंद असताना स्प्रे पुढच्या पुढेच अडकतो. हे पेशंटला समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात आणि ती कुणी देत नाही. मग नाक मोकळं झालं की लोक नाक धुणं सोडून देतात, आणि बदनाम होतं ऑपरेशन.

सीटी स्कॅनवर जिथे हवेचा काळा रंग दिसायला हवा तिथे सगळं राखाडी होतं. सायनस किती भरलेत ते मोजणारा लुंड-मॅके स्कोअर 24 पैकी 22. आठवडाभर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड दिलं, छातीच्या डॉक्टरांनी पंप बदलून दिला, शिट्टी पूर्ण थांबल्यावरच तारीख घेतली.

आधीच्या ऑपरेशनमध्ये मिडल टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आत असणारं मधलं वळलेलं हाड, कापून टाकलेलं होतं. आमच्यासाठी तो वाटेवरचा मैलाचा दगड, तोच नाही म्हटल्यावर अंदाज चालत नाही. वर मेंदूची हद्द, बाजूला डोळा, आणि मध्ये लॅमिना पॅपिरेशिया, नावाप्रमाणेच कागदाइतकं पातळ हाड. अशा वेळी मी सिस्टरना बाहेरून डोळ्याच्या बुबुळावर, मिटल्या पापणीवरून, बोटाने अगदी हलकं दाबायला सांगतो आणि दुर्बिणीच्या स्क्रीनवर आतल्या भिंतीकडे बघतो. भिंत हलली तर तिथे हाड उरलेलं नाही, यंत्र तिकडे न्यायचं नाही. डाव्या बाजूला भिंत हलली. सुपारीएवढी जागा. तिथे मी मायक्रोडिब्रायडर, म्हणजे ते फिरत्या पात्याचं यंत्र, बाजूला ठेवला आणि साध्या चिमट्याने कण कण काढत गेलो. डोकं उंच, नाडी 60 च्या आसपास, ॲड्रेनॅलिनच्या पट्ट्या दर काही मिनिटांनी बदलत. भूलतज्ज्ञांनी शिरेतून दिलेली भूल इतकी संथ होती की रक्त जवळजवळ नव्हतंच. सायनसमधून शेंगदाण्याच्या लगद्यासारखा चिकट, पिवळट चिखल निघाला, तो सक्शनच्या नळीतही शिरेना. तीन तास लागले. आत्तापर्यंतच्या माझ्या चांगल्या ऑपरेशनांपैकी ते एक होतं, हे मी आजही म्हणेन.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी ते माझ्याच हातून वाया जाणार होतं.

आमच्याकडे ऑपरेशननंतरच्या औषधांचा कागद छापील असतो. त्यात दुखण्यासाठी डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, आणि खाली माझी सही. सिस्टरनी सिरिंज भरली होती. तेवढ्यात बाहेर बसलेल्या मंडळींनी सहज विचारलं, "कंबरेच्या गोळीतलं तर नाही ना हे? मागे छाटणीत यांनी ती गोळी घेतली अन् तासाभरात इतका दम लागला, ॲडमिट करावं लागलं." सिस्टरनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि मला फोन केला. ती काही शिकाऊ मुलगी नव्हे, पण थांबून फोन करण्याची हिंमत दाखवणारे लोक कमी असतात, म्हणून सांगतो.

नाकात पॉलिप, मोठेपणी सुरू झालेला दमा आणि ॲस्पिरिनच्या गटातल्या औषधांनी (डायक्लोफेनॅक त्यातलंच) उसळणारा दम, हे त्रिकूट 1922 मध्ये पॅरिसला विदाल यांनी नोंदवलं. 1968 मध्ये सॅम्टर आणि बीअर्स यांनी ते मांडल्यापासून सॅम्टरचं नाव त्याला चिकटलं. मी ते परीक्षेत लिहिलंय, विद्यार्थ्यांना शिकवलंय. त्या रात्री त्यांच्या जुन्या फायलींची पिशवी पुन्हा उघडली. सीटी आणि ऑपरेशनच्या नोंदी मी आधी नीट वाचल्या होत्या, औषधांचे तक्ते वाचले नव्हते. दोन्ही वेळा डायक्लोफेनॅक. दोन्ही वेळा रात्री दम, ऑक्सिजन, नेब्युलायझर. घरच्यांना सांगितलं होतं, भूल सोसली नाही. मी त्यातल्या एका सर्जनना फोन केला तर म्हणाले, "दम्याच्या पेशंटला होतंच हो असं." मला त्याचा राग आला, आणि अजून आहे.

खरं तर पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं होतं, की पाहुण्यांबरोबर वाइनचा घोट घेतला तरी पंधरा मिनिटांत नाक बंद होतं. या आजारात असं पुष्कळांना होतं. मी मान डोलावून पुढचा प्रश्न विचारला.

पॅरासिटामॉलवर त्यांची रात्र शांत गेली. डिसेंबरात तपासणीला आले तेव्हा नाक मोकळं होतं, रोज सकाळ-संध्याकाळ धुणं चालू होतं. "साहेब, भुरीसाठी गंधक मारलं, वास आला," म्हणाले. गंधकाचं झोंबणं वेगळ्या नसेला कळतं, म्हणून मी लगेच हो म्हटलं नाही. तर मंडळी म्हणाल्या, डोळे मिटायला लावून नाकाखाली डबी धरली, हिंग बरोबर ओळखला, मोहरीच्या डबीला गप्प बसले. तो वास खरा.

छापील कागद त्याच आठवड्यात बदलला. 'ॲलर्जी आहे का' हा प्रश्नही. गावाकडे ॲलर्जी म्हणजे अंगावर पुरळ, खाज. आता विचारतो, अंगदुखीची, तापाची, डोकेदुखीची कुठली गोळी घेतल्यावर कधी नाक गच्च झालं, दम लागला? परवा सिन्नरच्या एका बाई यावर बराच वेळ गप्प राहिल्या. मग शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे बघून म्हणाल्या, "ते पण सांगायचं असतं का?"