तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांना उचलून घेता येईल अशी गरीब कोंबडी

"परड्यात चार कोंबड्या ठेवायच्यात, मुलांना जवळ घेता येतील अशा. कुठली जात आणू?" आमचं खुराडं पाहून गेलेला प्रत्येक जण हे विचारतो, आणि उत्तर एका शब्दात हवं असतं. घ्या: गिरिराज. पण मग पुढचंही ऐकावं लागेल.

व्हिडिओत मांडीवर झोपणारी ती कापसाच्या बोंडासारखी सिल्की मागू नका. तिच्या पिसांवरून पाणी ओघळत नाही, आत मुरतं. आमच्या कोकणातल्या जुलैत ती कधी वाळायचीच नाही. ब्रह्मा जातीच्या कोंबडीच्या पायांवरही पिसं, आणि इथे घोटाभर चिखल. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुव्याचा, २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेला, पण हात पुढे केलात की उडालाच. असील माणसाशी शहाण्यासारखा वागतो हे खरं, पण रक्त झुंजीचं, दुसरा कोंबडा दिसला की संपलं.

उरली बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज. अंगाने भारी, गावठीच्या जवळपास दुप्पट अंडी देणारी. आमची ठमी तीच. भाची तिला कडेवर घेऊन गावभर हिंडायची. वरून हात नेला की ठमी पंख किंचित पसरून खाली बसायची. "बघा, किती लाडात येते," असं मीच आल्यागेल्याला सांगायचे. अंड्यावर आलेली कोंबडी कोंबड्यासाठी तशी बसते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. लाड म्हणायला बरं वाटायचं.

एका दुपारी गडग्यावरून कुत्रा आत आला. गावठी कोंबड्या कलकलाट करत काजूवर चढल्या, एक तर गोठ्याच्या कौलांवर. ठमी दोन पावलं धावली. कुत्रा तिच्यावर वाकला आणि ती खाली बसली. पंख किंचित पसरून, नेहमीसारखी. भाची पडवीतून ओरडत होती, "ठमे, पळ! पळ गो!" मी काठी घेऊन पोचले तेव्हा कुत्र्याने तिला टाकलं होतं, पण मान लुळी पडलेली. जीव होता. सासूबाई म्हणाल्या, "जीव आहे तोवर कापूक हवी." आमचे हे सुरी घेऊन आले. भाचीने ठमीला सोडलं नाही, आणि कुणी ओढूनही घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत तशीच बसून होती.

"जाळी मारायला हवी होती," असं म्हणणारेही भेटतात. खुराड्याला जाळी आहेच. दिवसाही कोंडूनच ठेवायची, तर परडं कशाला हवं?

तेव्हा मी म्हणायचे, दोष जातीचा, गरिबी रक्तातच. आता तेही पटत नाही. गिरिराज स्वतः खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही, पिल्लं मशीनमधून निघतात. त्यांना आई ठाऊक नसते, दिसतो तो कणी घातलेला माणसाचा हात. गावठी पिल्लू मात्र आईच्या पोटाखालून घार ओळखायला शिकतं. म्हणून पुढच्या खेपेला पिल्लंवाल्याकडची गिरिराजची एक दिवसाची पिल्लं रात्री आमच्या खुडूक गावठीखाली सारली. तिने घेतली. आता घारीची सावली पडली की सगळी करवंदीच्या जाळीत. कुत्र्यालाही सापडत नाहीत. भाचीलाही नाहीत. तिने वाळवी आणून बघितली, तर लांबून टिपतात आणि पळतात.

म्हणजे जातीचा काहीच संबंध नाही? तसंही नाही. त्याच आईखालची गावठी पिल्लं याहून दुप्पट बुजरी आहेत.

भाचीला हातावर वाढवलेलं एक पिल्लू परत हवंय. मी नको म्हणते, तिचे मामा आण म्हणतात, आणि पिल्लंवाला येत्या बाजाराला येणार आहे.