हेडफोनसाठी डॅक निवडताना

माउस हलवला की माझ्या हेडफोनमध्ये बारीक किरकिर ऐकू यायची. पान वर-खाली सरकवले की तिचा सूर बदलायचा आणि एखादी मोठी फाइल उघडली की ती क्षणभर चढून पुन्हा उतरायची. जोरकस संगीतात हे सारे दडून जाई. परंतु रात्री मंद आवाजात ऐकताना दोन सुरांमधल्या शांततेत ती नेमकी पुढे येऊन उभी राही. संगणकाच्या मदरबोर्डवरचे ध्वनीचे सर्किट प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या शेजारीच बसलेले असते, तेव्हा उपद्रव तेथूनच येत असणार आणि संगणकाबाहेरचा स्वतंत्र डॅक (डिजिटल ध्वनीचे विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारे उपकरण) घेतला की तो संपेल, असे मी गृहीत धरले. ते अर्धेच खरे निघाले, आणि उरलेले अर्धे शोधण्यात माझे चार महिने गेले.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखाच चिपच्या मागे लागलो. डॅकचे मूळ काम साधे आहे: आकड्यांच्या रूपात साठवलेल्या ध्वनीचे बदलत्या व्होल्टेजमध्ये रूपांतर करणे. सीडीमध्ये हे आकडे सेकंदाला ४४,१०० वेळा आणि १६ बिटांत नोंदलेले असतात, आणि १६ बिट म्हणजे सर्वांत मोठ्या व सर्वांत मंद आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर. आजचा साधारण चांगला डॅक ११० डेसिबलच्या पुढे सहज जातो, म्हणजे ध्वनिमुद्रणात जेवढे आहे त्यापेक्षा त्याची स्वतःची खरखर पुष्कळच खाली असते. हे कळत असूनही ११५ आणि १२० यांतला फरक पाहत मी संध्याकाळ-संध्याकाळ तक्ते वाचत बसे. त्यातच ज्या मॉडेलची स्तुती वाचून मी मन बनवले होते, त्याच्या नव्या आवृत्तीत चिपच वेगळी असल्याचे लक्षात आले. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथील असाही कासेई मायक्रोडिव्हायसेसच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा त्या कंपनीच्या डॅक चिप वापरणाऱ्या अनेक उत्पादकांना ईएसएससारख्या दुसऱ्या कंपन्यांकडे वळावे लागले होते. मी पाहत असलेल्या जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या मोजमापांत मात्र कानाला जाणवेल असे काहीच बदलले नव्हते. चिपच्या नावावरून डॅक निवडण्याचा माझा उत्साह तेथेच ओसरला.

पहिला डॅक मी यूएसबीवरूनच वीज घेणारा, लहानसा घेतला आणि घरात आधीपासून असलेल्या, भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या हेडफोन ॲम्प्लिफायरला जोडला. किरकिर थोडी कमी झाली, पण गेली नाही. मी केबल बदलली, यूएसबीचा पोर्ट बदलला, मग चिडून डॅक परत करण्याच्या बेतात होतो. त्याआधी, केवळ खात्री म्हणून, तो लॅपटॉपला जोडून पाहिला. चार्जर लावलेला असताना किरकिर होती. चार्जरची पिन काढली त्या क्षणी ती नळ बंद करावा तशी थांबली. पिन पुन्हा लावली, पुन्हा सुरू झाली. हा खेळ मी सात-आठ वेळा केला असेन.

कारण मग उलगडले. संगणक आणि ॲम्प्लिफायर दोन्ही विजेच्या अर्थिंगला जोडलेले होते आणि त्यांच्यामध्ये यूएसबी केबलची ग्राउंडची तार व डॅकपासून ॲम्प्लिफायरकडे सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबलचे बाहेरचे आवरण यांनी दुसरा मार्ग तयार केला होता. या बंद वर्तुळातून संगणकाचा गोंगाट वाहत होता आणि डॅकने अचूक बनवलेल्या सिग्नलमध्ये डॅकच्या पुढे जाऊन मिसळत होता. डॅकची चिप कितीही उत्तम असली, तरी तिच्या नंतर शिरणाऱ्या उपद्रवावर तिचे काही चालत नाही. उपाय दोन होते: सगळी उपकरणे अशी निवडायची की वर्तुळ तयारच होणार नाही, किंवा संगणक आणि डॅक यांच्यातला तारेचा संबंध तोडायचा. ऑप्टिकल केबल हेच करते. १९८३ मध्ये तोशिबाने आणलेल्या या जोडणीत प्लॅस्टिकच्या तंतूमधून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे वीज एका बाजूकडून दुसरीकडे जाण्याची वाटच राहत नाही. माझ्या मदरबोर्डच्या मागे तो चौकोनी पोर्ट कितीतरी वर्षे धूळ खात पडलेला होता. ऑप्टिकल जोडणीच्या मर्यादा आहेत. ९६ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ९६,००० नोंदींच्या, पलीकडे ती प्रत्येक उपकरणात भरवशाने चालेल असे नाही, आणि डॅकला संगणकाच्या घड्याळामागे, म्हणजे संगणक ठरवील त्याच ठेक्यावर, चालावे लागते. माझा बहुतेक संग्रह ४४.१ किलोहर्ट्झचा असल्याने पहिली मर्यादा मला लागू नव्हती आणि दुसरीचा परिणाम ऐकून ओळखणे मला जमले नाही. एवढे झाल्यावर ‘ऑप्टिकल इनपुट हवेच’ ही माझ्या यादीतली पहिली अट झाली. चिपचे नाव यादीतून गेले.

अट पूर्ण करणारे दोन डॅक मित्राकडून महिनाभरासाठी मिळाले. पहिल्याच संध्याकाळी त्यांतला एक मला स्पष्टपणे सरस वाटला: गायकाचा श्वास जवळ आला, खर्ज भरदार झाला, मी तसे मित्राला कळवूनही टाकले. दुसऱ्या दिवशी मल्टिमीटर काढून दोघांचे आउटपुट मोजले. चाचणीसाठी १०० हर्ट्झचा सूर घेतला, कारण साधे मल्टिमीटर १,००० हर्ट्झवर हमखास बरोबर आकडा देईलच असे नसते. एकाचे २.०८ व्होल्ट आले, दुसऱ्याचे १.८७. म्हणजे ‘सरस’ डॅक जवळपास ०.९ डेसिबलने मोठा वाजत होता. एवढा फरक कानाला ‘मोठा’ म्हणून कळत नाही, तो ‘चांगला’ म्हणून कळतो, आणि हीच खरी फसगत आहे.

मग रीतसर तुलना केली. जुन्या सीडी प्लेअरला ऑप्टिकल आणि कोएक्सिअल (धातूच्या तारेचे) असे दोन्ही डिजिटल आउटपुट होते, त्यामुळे एकच सीडी दोन्ही डॅकना एकाच वेळी देता आली. मोठ्या वाजणाऱ्या डॅकची पातळी त्याच्याच नियंत्रणाने १ डेसिबल खाली आणली, म्हणजे फरक दशांशाच्या आसपास उरला. दोन्हींच्या मधोमध एक साधा स्विच ठेवला आणि मुलीला नाणे उडवून तो फिरवायला बसवले. मी पाठमोरा. सोळा वेळा मला सांगायचे होते की आत्ता कोणता डॅक वाजतो आहे. सोळांपैकी निदान बारा उत्तरे बरोबर आली असती, तर केवळ नशिबाने तसे घडण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी राहिली असती. माझी नऊ बरोबर आली. मुलगी म्हणाली, “बाबा, मी नुसते नाणे बघून सांगितले असते तरी इतकीच आली असती.” मित्राला पाठवलेला निरोप मी मागे घेतला.

सगळे डॅक सारखेच वाजतात असे मात्र मी म्हणणार नाही. त्याच मित्राकडे रोधांच्या शिडीवर चालणारा, ओव्हरसॅम्पलिंग न करणारा (म्हणजे मूळ नोंदींच्या मध्ये आणखी आकडे न भरणारा) एक डॅक होता, आणि तो मी न चुकता ओळखला. त्याचे कारण गूढ नाही: ४४.१ किलोहर्ट्झवर अशा बनावटीत २० किलोहर्ट्झच्या जवळ आवाज सुमारे ३ डेसिबलने उतरतो, त्यामुळे झांजांची धार बोथट होते. ज्याला ती बोथट धार आवडते त्याने तो जरूर घ्यावा. मला नको होती.

उरलेला निर्णय खरे तर डॅकचा नव्हताच, डॅकच्याच पेटीत येणाऱ्या हेडफोन ॲम्प्लिफायरचा होता. माझ्याकडे ३०० ओहमचे मोठे हेडफोन आहेत आणि कानात बसणारे, अनेक ड्रायव्हरचे (आवाज काढणाऱ्या अनेक भागांचे) छोटे इअरफोनही. त्या इअरफोनचा रोध ध्वनीच्या वारंवारतेबरोबर १० ओहमपासून ४० ओहमपर्यंत बदलतो. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटचा स्वतःचा रोध १० ओहम असेल तर या दोन टोकांच्या आवाजात ४ डेसिबलचा फरक पडतो. तो १ ओहम असेल तर अर्ध्या डेसिबलच्या थोडा पुढे. डॅकच्या तक्त्यांत दशांश शोधत बसलेल्या माझ्यासारख्याने हा आकडा आधी पाहायला हवा होता. दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाची खुंटी. जुन्या ॲम्प्लिफायरवर इअरफोन लावून आवाज अगदी कमी केला की डावी बाजू उजवीपेक्षा मोठी ऐकू येई, कारण खुंटीतले डाव्या आणि उजव्या बाजूचे दोन पट्टे तळाशी एकमेकांशी जुळत नाहीत. आवाज डिजिटल पद्धतीने कमी केला की हा दोष राहत नाही, आणि १६ बिटांचे संगीत २४ बिटांच्या डॅकमध्ये ४० डेसिबल खाली आणले तरी त्याचे बिट कापले जात नाहीत.

शेवटी घेतली ती पेटी या तीन अटींवरून: ऑप्टिकल इनपुट, १ ओहमपेक्षा कमी आउटपुट रोध आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवणारे डिजिटल नियंत्रण. तिच्यात सात प्रकारचे फिल्टर, म्हणजे आवाजाचा पोत किंचित बदलणारे पर्याय, आहेत. मी पहिल्याच आठवड्यात सातही ऐकून पाहिले आणि पुन्हा पहिल्यावर येऊन थांबलो. एक खोड तिला आहे. वेगळ्या सॅम्पल रेटची (सेकंदाला वेगळ्या संख्येने नोंदी असलेली) फाइल सुरू झाली की आतला रिले (विजेवर चालणारा छोटा स्विच) टिक्‌ करतो आणि गाण्याचा पहिला अर्धा क्षण गिळला जातो, म्हणून अशा फाइलींच्या सुरुवातीला मी प्लेअरमधून एक सेकंदाची शांतता जोडतो. त्या एका सेकंदात आता माउस कितीही हलवला तरी काहीही ऐकू येत नाही.