आमची वाटचाल : पंच, डाय आणि शतांश मिलिमीटर

औषधाच्या गोळ्या दाबणाऱ्या मशीनचा पहिला सेट आमच्याकडे आला तो पत्र्याच्या डब्यात. वरचे पंच, खालचे पंच, डाय, सगळं एकावर एक टाकलेलं. डबा उचलला की आत खणखण व्हायची. आज तो आवाज कानावर पडला तर माझ्या पोटात गोळा येतो, कारण त्या खणखणाटात कुठल्या ना कुठल्या पंचाची कड उडत असते. त्या दिवशी मात्र मी डबा टेबलावर ठेवून धाकट्या भावाला आनंदाने म्हणालो होतो, "आलं बघ आपलं पहिलं काम."

त्याआधी बरीच वर्षं मी औषध कारखान्याच्या कॉम्प्रेशन विभागात फिटर होतो. भाऊ साच्यांना पॉलिश करायचा आणि त्याच्या हाताखालून गेलेल्या पोलादात चेहरा दिसायचा. मला मशीन कळतं, त्याला पॉलिश कळतं, एवढ्या भांडवलावर आम्ही छोटी शेड घेतली. गोळ्या दाबणाऱ्या मशीनचे पंच आणि डाय साफ करून, पॉलिश करून द्यायचे, असं ठरलं.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मधे एक जड चकती फिरत असते, तिला टरेट म्हणतात. तिच्यात गोलाकार घरं असतात आणि प्रत्येक घरात एक डाय, म्हणजे भोक असलेली पोलादाची जाड कडी, स्क्रूने आवळलेली असते. पंच म्हणजे त्या भोकात वरून आणि खालून शिरणारे पोलादी दांडे. खालचा पंच त्या भोकाचा तळ होतो. पावडर भरली जाते, वरची जास्तीची पट्टीने निपटली जाते, वरचा पंच आत उतरतो आणि दोन्ही पंच दोन रोलरच्या मधून जातात. तिथे गोळी तयार होते. मग खालचा पंच वर येऊन ती डायच्या तोंडाशी आणून देतो. पावडर डायमध्ये दाबून गोळी करण्याचं पेटंट विल्यम ब्रोकडन यांनी 1843 मध्ये इंग्लंडमध्ये घेतलं. ते चित्रकारही होते आणि पेन्सिलीसाठी ग्राफाइटची पावडर दाबून घट्ट करणं हाही त्या पेटंटचा भाग होता. मला ही गोष्ट फार आवडते. पेन्सिल आणि औषधाची गोळी एकाच युक्तीतून आल्या, आणि ती युक्ती आजही तीच आहे. वेग तेवढा वाढला. 45 स्टेशनांचं, म्हणजे 45 घरांचं टरेट मिनिटाला 60 फेऱ्या फिरलं, तर मिनिटाला 2,700 गोळ्या पडतात आणि त्यातला प्रत्येक पंच तासाला 3,600 वेळा दाब खातो.

तर तो पहिला सेट. पंचांच्या वाटीत, म्हणजे गोळीला आकार देणाऱ्या खोलगट टोकात, काळे डाग आणि गंज होता. भावाने चार दिवस बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर बसून एकेक पंच आरशासारखा केला. आम्ही दोघांनी तो सेट उन्हात धरून पाहिला आणि अभिमानाने पाठवला. आठवड्यात सगळा परत आला. गोळ्यांवरची अक्षरं पुसट येत होती, कडेला पातळ पापुद्रा सुटत होता, आणि एकाच फेरीतल्या गोळ्यांची जाडी आणि कडकपणा जुळत नव्हता.

चूक पूर्णपणे आमची होती. वाटीच्या काठावर एक अगदी अरुंद सपाट पट्टी असते, ती टोकाला ताकद देते. बफने ती गोल होऊन गेली होती. अक्षरांच्या कडा झिजल्या होत्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ज्या पंचावर गंज जास्त होता त्याच्या वाटीतलं पोलाद जास्त गेलं होतं, ज्यावर कमी होता त्यातलं कमी. आम्ही पंच एकेकटे चकचकीत केले होते, सेट मात्र मोडून टाकला होता. त्या ग्राहकाला नवे पंच आम्ही भरून दिले. भाऊ दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दादा, आपण मापलंच नाही."

तेव्हापासून हा धंदा मी पॉलिशचा मानत नाही. तो मापाचा आहे.

पंचाची एकूण लांबी मोजणं सोपं असतं आणि फसवं असतं. कड झिजली की एकूण लांबी घटते, पण वाटीचा तळ होता तिथेच असतो. गोळीला कळते ती वर्किंग लेंग्थ, म्हणजे पंचाच्या डोक्यापासून वाटीच्या तळापर्यंतचं अंतर. दोन रोलरमधलं अंतर सगळ्या पंचांसाठी एकच असतं, मशीन कुणा एकासाठी ते बदलत नाही. त्यामुळे वरचा पंच आखूड असेल तर गोळीचं वजन तेच राहतं, पण ती जाड आणि मऊ होते. खालचा आखूड असेल तर डायमध्ये जागा वाढते, पावडर जास्त बसते आणि गोळी जडही होते. आम्ही एका सेटमधला फरक 0.05 मिमीच्या आत ठेवतो. हा आकडा साधारण माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षा कमी आहे, आणि एका चुकीच्या बफने तो तासाभरात ओलांडता येतो हे आम्ही स्वतः करून पाहिलेलं आहे.

ग्रॅनाइटची प्लेट, स्टँडवरचा डायल इंडिकेटर, वाटीत उतरणारी बारीक सुई, भोक मोजायचा गेज, दहापट मोठं दाखवणारं भिंग, एवढं साहित्य जमवायला वेळ लागला. मोजमापाच्या टेबलावर माझी पत्नी बसू लागली. सुरुवातीला ती फक्त आकडे लिहून घ्यायची. मग तिनेच सांगितलं की सेटच्या नावाने नोंद ठेवून उपयोग नाही, प्रत्येक पंचाच्या नंबराने ठेवायला हवी. पंचावर नंबर कोरलेला असतोच. तिची वही आमच्या कामाचा कणा ठरली. तोच पंच तिसऱ्यांदा आला की आधीचे दोन आकडे शेजारी दिसतात आणि तो किती वेगाने झिजतोय हे समजतं. पंचाने किती गोळ्या दाबल्या हा आकडा मात्र ग्राहकाकडून यावा लागतो, आणि तो मिळवायला अजूनही पाठपुरावा करावा लागतो.

वहीमुळेच आणखी एक गोष्ट ध्यानात आली. जुन्या सेटमधला एक पंच मोडला की लोक त्या जागी नवा कोरा बसवतात. नवा पंच आपल्या मापात अचूक असतो, पण झिजलेल्या भावंडांत तो लांब ठरतो. त्याच्यावर दाब जास्त येतो, त्याची गोळी वेगळी निघते आणि पुढचा मोडणारा बहुतेक तोच. म्हणून सुटे पंच आम्ही लांबीप्रमाणे गट करून ठेवायला सांगतो.

डायच्या बाबतीतला एक अनुभव सांगायलाच हवा. एका ठिकाणी गोळ्यांची टोपी उडत होती. गोळी बाहेर येताना किंवा हाताळताना वरचा थर चकतीसारखा निघायचा. त्यांनी पावडरीच्या दाण्यांचा ओलावा तपासला, बाइंडर, म्हणजे दाणे बांधून ठेवणारा पदार्थ, बदलून पाहिला, वेग कमी केला. फरक पडेना. शेवटी डाय आमच्याकडे आल्या. भोकात गेज खालीवर फिरवला, तर जिथे गोळी दाबली जाते त्या जागी पोलाद झिजून वळं पडलं होतं. तिथे व्यास जास्त, वरच्या तोंडाशी मूळचाच. म्हणजे गोळी रुंद जागी तयार व्हायची आणि अरुंद गळ्यातून बाहेर ढकलली जायची. दाब सुटल्यावर गोळीला थोडं फुलायचं असतं, इथे नेमक्या त्याच वेळी ती आवळली जात होती. काही डाय दोन्ही तोंडांनी वापरता येतात, तशा त्या होत्या. उलट्या बसवल्यावर ते काम तात्पुरतं निभावलं, पण नव्या डाय मागवा असं आम्ही त्याच दिवशी लेखी दिलं. ज्या पावडरी फार घासतात त्यांच्यासाठी टंगस्टन कार्बाइडचं अस्तर असलेली डाय आम्ही सुचवतो. ती झिजत नाही असं नाही, पण खूप टिकते. मात्र ठिसूळ असते, हातातून पडली की तडकते.

टोपी उडण्याचं दुसरं कारण पंचाच्या कडेत असतं. कड पातळ होऊन आतल्या बाजूला वळते, तिला आम्ही हूक म्हणतो. वाटीतून बाहेरच्या दिशेने नख ओढलं की ते अडकतं. असा पंच वर उचलला जाताना गोळीचा माथा धरून ठेवतो. हूक लहान असेल तर बारीक एमरीने काढता येतो, तोही वर्किंग लेंग्थवर डोळा ठेवून.

पंचाचं डोकं लोक बघतच नाहीत, कारण ते गोळीला लागत नाही. पण दाब तिथूनच येतो. डोक्यावरचा सपाट भाग साडेनऊ मिलिमीटरचा आणि टरेटचं वर्तुळ 400 मिलिमीटर व्यासाचं धरा. मिनिटाला 60 फेऱ्या असतील तर पावडरीवर पूर्ण दाब टिकतो तो जेमतेम साडेसात मिलिसेकंद. डोकं झिजून किंवा खड्डे पडून तो भाग आक्रसला की ही वेळ आणखी घटते आणि गोळी मऊ पडते. वाटी कितीही चकाकत असली तरी.

गंजाचा धडा आमच्याच शेडमध्ये मिळाला. एकदा संध्याकाळी डाय अल्ट्रासॉनिक टाकीत धुतल्या आणि उद्या पुसू म्हणून ओल्याच ठेवल्या. सकाळी भोकांत केशरी ठिपके. औषधांपैकी कितीतरी क्षार हायड्रोक्लोराइड असतात आणि त्यांचा अंश पोलादावर राहिला की ओलावा पुढचं काम करतो. तेव्हापासून जो धुईल त्यानेच वाळवून, तेलाचा हात फिरवूनच उठायचं. हा नियम मलाही लागू आहे. तेलही खाद्य दर्जाचं आणि पातळ. जास्त झालं तर पावडरीत मिसळून काळे ठिपके होऊन गोळीवर उतरतं.

पुढे अक्रोडाच्या कवचाच्या दाण्यांचं पॉलिश मशीन घेतलं. पंच त्यात टांगायचे, ते दाण्यांतून फिरतात, सगळ्यांना सारखा वेळ आणि सारखा घास मिळतो. भावाला सुरुवातीला ते रुचलं नाही. माणसाचा हात दमतो, विसाव्या पंचाला पहिल्याइतका जोर देत नाही, हे त्याला पटायला वहीतले आकडे दाखवावे लागले. अक्षरांच्या आत चिकटलेलं काढायला मात्र अजून त्याचाच हात लागतो. 'ए', 'बी', '8' अशा बंद पोटाच्या खुणांत पावडर अडकते. तिथे तो भिंगाखाली हिऱ्याची पेस्ट आणि लहान ब्रश घेऊन बसतो आणि मला त्याच्याकडे बघत राहावंसं वाटतं.

पावडर चिकटते म्हटलं की ग्राहक पहिल्यांदा लेप मागतात. क्रोम, क्रोमियम नायट्राइड, टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप. काही औषधांना त्याने खरोखर फरक पडतो. पण खराब पृष्ठभागावर लेप चढवला तर खरचटा तसाच राहतो, आणि लेप दिलेला पंच पुन्हा जोरात पॉलिश केला तर लेपच निघून जातो. पोलादाचंही तसंच आहे. कठीण पोलाद घासाला टिकतं पण टोक तुटायची भीती वाढते, चिवट पोलाद धक्का सोसतं पण लवकर झिजतं. म्हणून औषध कोणतं, वाटी किती खोल, दाब किती, हे विचारल्याशिवाय आम्ही सल्ला देत नाही. त्यात वेळ जातो आणि काही ग्राहकांना ते आवडत नाही.

नाही म्हणणं सगळ्यात अवघड गेलं. एका मोठ्या ग्राहकाचा सेट मापात बसत नव्हता. "पॉलिश करून पाठवा, बाकी आम्ही बघतो," असा निरोप आला. आम्ही सेट तसाच परत केला, सोबत प्रत्येक पंचाचे आकडे आणि 'वापरू नये' असा शेरा. ते ग्राहक गेले ते गेलेच. पुढचे काही महिने ओढाताण झाली. पत्नी तेव्हा एवढंच म्हणाली, "आपल्या वहीत जे लिहिलंय, तेच आपल्या कागदावर जायला हवं." ती गोळी कुणाच्या तरी आजारी आईच्या तळहातावर जाते. तिथे वजन कमी-जास्त असून चालत नाही.

बाद झालेल्या पंचांचंही असंच. औषधाचं नाव किंवा खूण कोरलेला पंच भंगारात तसाच गेला, तर तो बनावट गोळ्या करणाऱ्याच्या हाती पडू शकतो. म्हणून ग्राहकाच्या माणसासमोर आम्ही टोक ग्राइंडरवर घासून खूण नाहीशी करतो आणि नंबरासकट दोघांच्या सहीचा कागद करतो. कामाच्या यादीत हे कुणी धरत नाही. आम्ही धरतो.

अलीकडे आम्ही मशीनपाशीही जाऊ लागलो आहोत. वहीतल्या नोंदी बघता बघता दिसलं की बरंचसं नुकसान मशीन चालताना होत नाही, सेट बसवताना होतं. डाय तिरपी ठोकलेली, घरात जुनी पावडर राहिल्याने ती टेबलाच्या वर उचललेली, स्क्रू नको तितका आवळलेला. म्हणून भाऊ ऑपरेटर मंडळींना बसवायची रीत दाखवतो: आधी घर पुसा, डाय सरळ दांड्याने हलके बसवा, तोंड टेबलाशी सपाट आहे का बोटाने बघा, पंच गाईडमध्ये, म्हणजे तो ज्या भोकात वर-खाली सरकतो त्यात सोडा, तो आपल्या वजनाने खाली सरकायला हवा.

परवा एका ठिकाणाहून फोन आला. तिथला तरुण ऑपरेटर म्हणाला, "काका, नववा पंच सरकत नाहीये. मी जोर लावला नाही, थांबलोय." गाईडमध्ये पावडरीचा वाळलेला थर निघाला. तो साफ करून त्याने पंच पुन्हा सोडला, आणि फोन कानाशी तसाच धरून मला सांगितलं, "गेला."