जाताना डबलसीट, येताना एकटा: ताम्हिणी, आंबेनळी आणि मागचे शॉकअप

दिवाळीनंतर पुण्याहून दापोलीला जायचं होतं. रस्ता ठरलेला: ताम्हिणीने खाली उतरायचं, माणगाव-म्हसळा करत बागमांडल्याची फेरीबोट गाठायची आणि मग किनाऱ्याकिनाऱ्याने दापोली. जाताना बायको, दोन सॅडलबॅगा आणि फराळाचे डबे. येताना ती माहेरी राहणार, मी एकटा. गाडी रॉयल एनफील्डची क्लासिक ३५०, नवीन इंजिनची. एकाच सहलीत मागचा सत्तर-पंचाहत्तर किलो भार उतरणार होता, त्यामुळे हा वृत्तांत रस्त्याइतकाच मागच्या शॉकअपचाही आहे.

या गाडीच्या मागच्या शॉकअपला प्रीलोडचे, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची याचे, सहा टप्पे आहेत. बहुतेक गाड्या शोरूममधून ज्या टप्प्यावर येतात त्याच टप्प्यावर भंगारात जातात, आणि मग डबलसीट निघालं की तक्रार सुरू: गाडी वळणात बाहेर जाते, हँडल हलकं लागतं, रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यावर पडतो. तिन्हींचं कारण एकच. मागे भार आला की मागची बाजू बसते, पुढची उचलली जाते, फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) जास्त तिरका होतो आणि पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं. टप्पा वाढवला की स्प्रिंग कडक होते, हा गैरसमज गॅरेजमध्येही ऐकू येतो. स्प्रिंग तीच राहते. भाराखाली गाडी किती बसावी एवढंच आपण ठरवतो.

ते मोजता येतं. गाडी डबलस्टँडवर, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या ॲक्सलपासून सरळ वर सीटखाली एक खूण करून अंतर घ्या. मग गाडी खाली उतरवून, सगळं सामान लावून, दोघंही बसा आणि तिसऱ्या माणसाला तेच अंतर पुन्हा घ्यायला लावा. दोन्हींतला फरक शॉकअपच्या एकूण चालीच्या (वरखाली होण्याच्या अंतराच्या) पाव ते एक-तृतीयांश असावा. त्याहून जास्त बसत असेल तर टप्पा वाढवा. आमची गाडी दुसऱ्या टप्प्यावर फारच बसत होती, पाचव्यावर बरोबर आली.

टप्पा बदलायला सी-आकाराचा पाना लागतो. सॅडलबॅगचे स्टँड लावलेले असतील तर पाना फिरवायला जागा उरत नाही, म्हणून हे काम सामान बांधायच्या आधी. गाडी डबलस्टँडवर असली की टप्पा बदलणारी, शॉकअपवरची कडी हलकी फिरते. खाचांत माती असेल तर आधी ब्रशने काढा, नाहीतर पाना सटकतो आणि बोटं सोलतात. दोन्ही बाजूंना टप्पा एकच हवा. उजव्या बाजूला सायलेन्सर आहे, तेव्हा चालवून आल्याआल्या हात घालू नका. मोनोशॉकवाल्यांनी (मागे एकच शॉकअप असलेल्यांनी) घरूनच सेट करून निघावं. तिथे बऱ्याच गाड्यांत कडीपर्यंत पोचायलाच अर्धी गाडी खोलावी लागते.

मुळशीपर्यंत ट्रॅफिक, पुढे मोकळं. ताम्हिणीच्या उतारावर फरक लगेच कळला: ब्रेक मारत वळणात शिरताना गाडी जिथे दाखवाल तिथे जाते. सामानाची मांडणीही तितकीच महत्त्वाची. जड डबे सॅडलबॅगमध्ये खाली आणि पुढच्या बाजूला, कॅरियरवर फक्त कपडे. ॲक्सलच्या मागे लटकणारं वजन सरळ रस्त्यावर गाडी डोलवतं, आणि ते कुठल्याच टप्प्याने जात नाही.

बागमांडला ते वेश्वी फेरीबोटीत गाडी साइडस्टँडवर, गिअरमध्ये ठेवा. पत्र्याचा डेक ओला असतो. उतरताना पुढचा ब्रेक जपून. पलीकडे वेळास, केळशी, आडे, आंजर्ले हा पट्टा अरुंद, चढउताराचा. मध्येच डांबर, मध्येच खडी. वेगाची अपेक्षाच ठेवू नका.

परतीला एकटा निघालो तेव्हा टप्पा मुद्दाम पाचवरच ठेवून दापोली-खेड रस्त्याला लागलो, फरक अंगाला कळावा म्हणून. उखडलेल्या तुकड्यांवर मागचं चाक अक्षरशः उड्या मारतं, वळणात खडबडीत जागा आली की मागून ढकलल्यासारखं होतं. खेडला चहा होईस्तोवर सायलेन्सर निवला, गाडी दुसऱ्या टप्प्यावर आणली. कशेडीच्या बोगद्यातून पोलादपूर आणि मग आंबेनळीची चढण, सगळं शांतपणे पार पडलं.

एक मात्र आहे. टप्पे बदलूनही हँडल वळवळत असेल तर शॉकअपला दोष देऊ नका. आधी थंड टायरची हवा तपासा. डबलसीटला मागे किती हवी ते गाडीच्या पुस्तिकेत वेगळं दिलेलं असतं. मग कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) आणि स्विंगआर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे, बुश. पुढचा ब्रेक दाबून फोर्क जोरात खाली दाबा: वर येऊन तो तिथेच थांबायला हवा. डुलत राहिला तर फोर्कचं ऑइल बदलायची वेळ झाली आहे. नळीवर तेलाचं वर्तुळ दिसलं तर ऑइल सील गेलं, ते निघण्याआधीच बदला. गळणारं तेल ब्रेकच्या डिस्कपर्यंत पोचू शकतं. हे सगळं ठीक असताना महागडे शॉकअप घ्यायची घाई मला तरी पटत नाही.

पुढे महाबळेश्वर, पसरणी घाटाने वाई, सुरूरला हायवे आणि खंबाटकीचा बोगदा. आंबेनळी पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद असतो, म्हणून पोलादपूरला चौकशी करून मगच वर चढा, आणि टाकीही तिथेच भरून घ्या.