१० बारचा रिसीव्हर, १३ बारची टेस्ट आणि ११.४ ला उडालेला व्हॉल्व्ह

आमच्या एअर रिसीव्हरचं, म्हणजे कॉम्प्रेसरची दाबलेली हवा साठवायच्या टाकीचं, खालचं ड्रेन नोझल (पाणी काढायचं तोंड) गंजून गेलं होतं, ते कापून नवीन वेल्ड केलं आणि हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून जास्त दाबाला टाकी तपासायचं काम, माझ्या गळ्यात पडलं. शेलची थिकनेस मोजली, ती ठीक निघाली, म्हणजे नेमप्लेटवरची १० बारची रोजची हद्द कायम. पण जुन्या ड्रॉइंगवर टेस्ट प्रेशर १५ लिहिलेलं आणि मी कॅलक्युलेशनमध्ये १३ धरलेलं. कोण चुकलं म्हणून तासभर डोकं खाजवलं. चुकलं कोणीच नव्हतं, एएसएमई सेक्शन ८ डिव्हिजन १ या प्रेशर व्हेसलच्या अमेरिकन कोडमध्ये टेस्ट आधी त्या हद्दीच्या दीडपट होती ती १९९९ मध्ये १.३ पट झाली, आणि रिसीव्हर त्याच्या आधीचा. गरम चालणारं व्हेसल असेल तर त्या तापमानाला मटेरियलची ताकद जितकी कमी होते त्या प्रमाणात हा आकडा अजून वाढतो, आमचं तसं काही नव्हतं. इन्स्पेक्टर साहेब म्हणाले रिपेअरसाठी १३ पुरे.

एकाने सुचवलं की पाणी कशाला भरताय, हवेनेच करा, १.१ पटच लागतं. मी सरळ नाही म्हटलं. पाणी जवळजवळ दबतच नाही, काही फाटलं तर प्रेशर लगेच खाली येतं, दाबलेली हवा मात्र सगळी ताकद धरून बसलेली असते.

पंपावर ० ते १६ चा गेज होता तो बदलला, कारण रेंज टेस्ट प्रेशरच्या निदान दीडपट पाहिजे, साधारण दुप्पट असली तर उत्तम, म्हणून २५ चा लावला. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून वरच्या नोझलला ब्लाइंड (बंद झाकण) मारला आणि इथेच माती खाल्ली. हवा बाजूच्या नोझलमधून काढली, टाकीच्या डोक्यावर ती अडकूनच राहिली. पंप मार मार मारतोय आणि काटा आपला रेंगाळतोय! शेवटी प्रेशर शून्यावर आणून वरचा ब्लाइंड ढिला केला, तिथून पाणी ओघळेपर्यंत भरलं, मग थोड्याच स्ट्रोकमध्ये काटा चढला. मॅनहोलच्या गॅस्केटला घाम फुटला म्हणून परत उतरवावं लागलं, प्रेशरखाली बोल्ट आवळायचा नाही हे मला आधीच दम देऊन सांगितलेलं. पुढच्या वेळी १३ ला धरलं, मग १० वर आणून सगळे जॉइंट फिरून बघितले. १३ वर असताना कोणी जवळ जायचं नाही. पास.

खरी गंमत व्हॉल्व्हची. टेस्ट बेंचवर जसा काढला तसाच लावला तर पहिला पॉप, म्हणजे फटकन उघडणं, ११.४ ला! सीनियर ऑपरेटर, आम्ही त्यांना काका म्हणतो, शांतपणे म्हणाले, "तो सारखा फुसफुसायचा, मीच स्प्रिंगला दोन आटे दिले." वर मलाच प्रश्न, "आता १३ ला टेस्ट झाली ना, मग ११ ला ठेवला तर काय बिघडतं?"

मलाही क्षणभर पटल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. पण १३ हे थंड पाण्याने, सगळे लांब उभे असताना, एकदाच दिलेलं प्रेशर. रोजची हद्द १०. आणि एकच व्हॉल्व्ह असेल तर त्याचं सेटिंग त्या हद्दीच्या वर जाताच कामा नये, कारण व्हॉल्व्ह सेट प्रेशरला उघडायला लागतो, पूर्ण डिस्चार्ज द्यायला दाब साधारण १० टक्के अजून वर जाऊ शकतो. १० ला लावला तर ११ पर्यंत, तेवढी मुभा कोडमध्ये आहे. ११.४ ला लावला तर साडेबाराच्या वर गेलो की काका!

फुसफुसण्याचं कारण वेगळंच होतं. कॉम्प्रेसरचा कटआउट, म्हणजे तो थांबायचा दाब, ९.७ ला ठेवलेला, म्हणजे व्हॉल्व्हच्या अगदी नाकाशी, मग व्हॉल्व्ह सिमर होणारच, म्हणजे थोडी थोडी हवा सोडणारच, आणि सीट खराब होणारच. सीट लॅपिंग करून, म्हणजे घासून सपाट करून घेतली, १० ला सेट केला, तीन पॉप घेतले, ९.९, १०, ९.९. टॉलरन्स ३ टक्के, त्यात आरामात बसलं. कटआउट ८.८ वर आणला, तेव्हा प्रॉडक्शनवाल्यांनी थोडी कुरकुर केली, पण त्यांना ८ च लागतात.

व्हॉल्व्हला तार घालून सील मारलं, टॅग लावला. दिवसभर चकार आवाज नाही. तरी काका दोनदा जाऊन ती सीलची तार ओढून बघून आलेच.